समोरचा दात

(भाईंदर पूर्व, जेसल पार्क. दुपारचे चार. आतल्या खोलीत आत्मारामच्या बायकोचं, उर्मिलाचं, शिलाई मशीन चालू आहे.)

नीलम : पाणी नको, भाऊजी. मी बसायला न्हाय आले. हे घ्या, की मी निघाले.

आत्माराम : कुंकवाचा करंडा? मला कशाला?

नीलम : उघडा. वैनी आत हाय ना? मग हळू उघडा.

आत्माराम : ...हा कुठं मिळाला तुला?

नीलम : काल होडी सरकवली. खाली मातीत होता. पहिलं वाटलं, खेळण्यातलं कायतरी. गुलाबी प्लास्टिक, त्याला तार, त्यात एक दात. ह्यांना दाखवला तर हातातून खेचूनच घेतला.

आत्माराम : पंढरी काय म्हणाला?

नीलम : "दादाचा हाय. मुर्धा गावात कुणाला दाखवू नको. त्याच्या हातात नेऊन दे, वैनीसमोर नको." मी बोलले, अहो, उद्या तुमचा भाऊ कोर्टात उभा राहून सांगणार की तुम्ही त्याचा दात पाडला, आणि दात तर बनवलेला! आपल्या वकिलाला देऊ या ना! तर म्हणाले, शपथ हाय.

आत्माराम : अजून पाळतोय?

नीलम : कसली शपथ, भाऊजी? ते सांगत न्हाईत. मला आज कळायलाच पाहिजे.

आत्माराम : हळू बोल... माझं लग्न ठरलं होतं. दीड महिना राहिला होता. आम्ही दोघं बाबांची होडी खाडीत ढकलत होतो. पंढरीच्या हातून वल्हं सटकलं आणि माझ्या तोंडावर बसलं. दात मुळासकट गेला. तो वीस वर्षांचा घोडा, पण लहान पोरासारखा रडला. बाबांना कळलं असतं तर त्याची कातडी सोलली असती.

नीलम : वल्हं... म्हणजे गेल्या वर्षी ह्यांनी तुम्हाला मारलं ते हेच?

आत्माराम : हेच. दुसरं वल्हं आमच्याकडे होतं कधी? तोंडाला रुमाल लावून दोघं स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे गेलो. येताना मी म्हटलं, तुझं नाव मी बाबांना सांगणार नाही, माझा दात तू कुणाला सांगायचा नाही. मुलगी गिरगावातली, शिकलेली. आणि नवरा अठ्ठाविसाव्या वर्षी खोट्या दाताचा. मला फार लाज वाटली गं.

नीलम : आणि वैनीला चौतीस वर्षांत कळलं न्हाय?

आत्माराम : मी तिच्या आधी उठायचो. दात घासताना दाराला कडी लावायचो.

नीलम : अरे देवा. तुम्ही संसार केला की चोरी?

आत्माराम : थोडं थोडं दोन्ही.

नीलम : हसू नका, मलापण हसू येतं, आणि मी रडायला आलेय. आमचा वकील काय बोलला ऐका. हातानं मारलं असतं तर केस छोटी. वल्ह्यानं मारलं म्हणून मोठी. वल्ह्यानं मारून वर दात पाडला, म्हणून सगळ्यात मोठी. कायद्यात दात मोडला काय नि हाड मोडलं काय, सारखंच. कमीत कमी एक वर्ष आत. वर दहा, त्याच्यापण वर जन्मठेप.

आत्माराम : आणि दात नसेल तर?

नीलम : जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिलाच गुन्हा हाय म्हणून जजसाहेब चांगल्या वागणुकीच्या बाँडवर घरीपण सोडू शकतात. दात असला की तो बाँडपण न्हाय. अकरा दिवस आत राहून आले तेव्हापासून ह्यांना धड झोप न्हाय, भाऊजी. खाडीवरपण जात न्हाईत.

आत्माराम : मला हे सगळं कालच कळलं. सरकारी वकीलबाईंनी माझा जबाब वाचून दाखवला. मी मुद्दाम नव्हतं सांगितलं, नीलम. तुझा विश्वास बसणार नाही कदाचित.

नीलम : सांगा तरी.

आत्माराम : ओठ फाटलेला, तोंडात रक्त. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि विचारलं, दात पडला का? उर्मिला शेजारी उभी होती. मी मान हलवली. एवढंच. मग पोलिसांनी कागद बघून विचारलं, तेव्हा पुन्हा हलवली. कलमाचं मला काय ठाऊक? मी शाळेतला कारकून. आणि तुला खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. दात नाही हे सगळ्यांना माहीत, आणि त्याला कारणही आहे. वर्षभर मी कडी न लावता दात घासतोय.

नीलम : तुमची कडी सुटली, आमच्या दाराला लागली.

आत्माराम : खरं आहे.

नीलम : मला असं बोलायचं नव्हतं.

आत्माराम : बोल. बरोबर बोललीस.

उर्मिला : मशीन केव्हाचं थांबलंय. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आत्माराम : उर्मिला... तू कुठपासून ऐकलंस?

उर्मिला : रुमालापासून. बस गं नीलम, उठू नकोस. मला आधी ह्यांना एक विचारू दे. अहो, ऊस?

आत्माराम : काय ऊस?

उर्मिला : सासूबाई दर संक्रांतीला ऊस पाठवायच्या. ह्यांना ऊस आवडत नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगत राहिले.

आत्माराम : मला ऊस फार आवडतो.

उर्मिला : आणि मक्याचं कणीस? दाणे सोलून वाटीत? मला वाटायचं, केवढा हा नाजूकपणा!

आत्माराम : रागावलीस?

उर्मिला : रागावलेय. पण तो राग रात्रीच्या जेवणानंतर. उद्या कोर्टात काय सांगणार?

आत्माराम : मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. लोक हसतील. आणि आधी खोटं सांगितलंस म्हणून मलाच धरलं तर?

उर्मिला : शपथेवर अजून एक शब्द तरी बोललात का? नाही ना? मग वकीलबाईंना आत्ता फोन करा, उद्या तिथे ऐन वेळी नको. तुमच्या लाजेपायी पंढरीभाऊजी दहा वर्षं आत बसणार, आणि मी इथे तुम्हाला कणीस सोलून देणार?

आत्माराम : नीलम, एक मात्र ऐक. वल्हं मी लपवणार नाही. मारलं ते मारलं. ओठाला पाच टाके आहेत.

नीलम : लपवू नका. तेपण न्हाय म्हणत न्हाईत. हात उचलला त्याची शिक्षा द्या बोलतात.

आत्माराम : बाबांची होडी मी त्याला न विचारता तोडायला काढली होती, त्यावरूनच भांडण झालं. तेही सांगेन.

नीलम : ते सांगायला कुणी विचारणार न्हाय, भाऊजी.

आत्माराम : नाही विचारलं तरी सांगेन. दाताचं कुणी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं, तेव्हा मी नुसती मान हलवली.

उर्मिला : हा घ्या फोन. नंबर लावलाय.

आत्माराम : तू बोलतेस का?

उर्मिला : दात कुणाचा?

आत्माराम : बरं... घंटी वाजतेय. उचलत नाहीत. उद्या सकाळी करू का?

उर्मिला : वाजू दे. कानावरून काढू नका. आणि तोवर तो करंडा इकडे द्या.

आत्माराम : कशाला गं? राहू दे ना.

उर्मिला : द्या. चौतीस वर्षं माझ्याकडे बघून हसत होता. एकदा मी त्याच्याकडे बघते.