घरच्याच झालात

नवी नोकरी कशी आहे म्हणून विचारताय ना, तर ऐका. आमच्या तंत्रज्ञान विद्यापीठात आम्हा नव्या प्राध्यापकांचा स्वागत समारंभ होता. मी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले, तोच विभागप्रमुख आले.

"मॅडम, ही रांग पाहुण्यांची आहे."

"अहो सर, पण स्वागत आमचंच आहे ना?"

"हो, पण आपण आता घरच्याच झालात."

घरची झाले म्हटल्यावर कामाला लागणं आलंच. माईक बंद पडला, तसे सर परत माझ्याकडे आले. "आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या ना? मग बघा जरा."

माझी पीएचडी चिप डिझाइनमधली. तरी स्टेजमागे वायरींच्या गुंत्यात बसून मी माईक चालू केला. त्यातून पहिलं काय ऐकू यावं? "डॉक्टर वृषाली ठोंबरे! आल्या आहेत का ठोंबरे मॅडम?"

मी तशीच धावत स्टेजवर गेले. कुलगुरूंनी माझ्या हातात गुच्छ दिला, साडीवरची धूळ पाहिली आणि माईकसमोरच विचारलं, "पहिल्याच दिवशी इतका उशीर? येता कुठून आपण?"

म्हटलं, "स्टेजच्या मागून, सर."