क्षाराचं पाणी आणि खडके मास्तरांची चौकशी

मंडळी, एक सांगा — माणूस गोंधळतो तो माहिती नसते म्हणून, की फार झाली म्हणून? माना डोलवू नका, आधी ऐका!

अंबाजोगाईला मनोहरराव खडके नावाचे निवृत्त हेडमास्तर. घरात ते, मुलगा आणि सून रेवती. पाणी बोअरचं. आणि कसलं पाणी हो! बादलीला पांढरी पुटं, तोट्या चोंदलेल्या, डाळ शिजता शिजेना! त्यात गिझरची कॉइल दुसऱ्यांदा गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, पाणी मऊ करायचं यंत्र बसवू."

मास्तर म्हणाले, "थांब! चौकशी केल्याशिवाय मी काडेपेटीसुद्धा घेत नाही!"

आणि लागले चौकशीला!

विक्रेता आला. दोन बाटल्यांत पाणी, दोन्हींत साबणाचे थेंब. हलवल्या. यंत्राच्या पाण्याचा फेस बाटलीत मावेना, बोअरच्या पाण्यात नुसता साका! "घेऊन टाकू!" मास्तर म्हणाले.

संध्याकाळी शेजारचे औटी आले. "अहो, त्यात पोत्यानं मीठ घालावं लागतं!"

मास्तर ताडकन उठले — "मीठ? मला ब्लडप्रेशर! डॉक्टरांनी पापडसुद्धा बंद केलाय!" रद्द!

डॉक्टर म्हणाले, "प्यायचा नळ वेगळा ठेवा, झालं." घ्यायचं! प्लंबर म्हणाला, "यंत्र धुण्यातच पाणी वाया जातं, आणि ते खारं पाणी झाडांनाही चालत नाही." नाही घ्यायचं!

हसताय? आपण काय वेगळं करतो?

महिना गेला. मास्तरांना जेवण जाईना. चष्मा कपाळावर, आणि हात खिशात चाचपतोय!

एका शनिवारी रेवती पिशवी घेऊन निघाली. मास्तर वैतागलेच. "दर पंधरा दिवसांनी माहेर? एवढी आईची आठवण?"

रेवती उंबऱ्यात थांबली. हळूच म्हणाली, "आठवण येतेच, बाबा. पण मी जाते ती केस धुवायला. तिथं नदीचं पाणी आहे. इथल्या पाण्यानं जटा होतात, विंचरताना पुंजके हातात येतात. दीड वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना विचारत होतात. म्हटलं, माझाही नंबर लागेल."

मास्तर तिच्यासमोर उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "बाळ, तूच सांग. काय करू?"

"न्हाणीघरापुरतं बसवा. स्वयंपाकघराचा आणि झाडांचा नळ आहे तसाच राहू द्या."

संपलं! महिन्याचा घोळ, दोन वाक्यांत!

यंत्र बसलं. केस गळायचे थांबले? औटी म्हणतात, छे! मुलगा म्हणतो, थोडे. मास्तरांना आजही नक्की सांगता येत नाही! पण पुढच्या रविवारी ते गच्चीवर निघाले, तर रेवती उन्हात ओले केस सोडून बसलेली. फोनवर सांगत होती, "नाही गं आई, आज येत नाही. इथंच न्हाले." मास्तर पाय न वाजवता जिन्यातूनच माघारी फिरले.

मंडळी, गावभर विचारायला आपल्याला लाज नाही. घरात विचारताना मात्र जीभ जड होते! तुमच्या शेजारी बसलंय ना तुमचं माणूस? बघा त्याच्याकडे! नुसतं बघू नका — विचारा! मी टाळ खाली ठेवतो. देवाचं नाम नंतर घेऊ. देवाला थांबायची सवय आहे. घरच्या माणसानं किती थांबायचं?