पुरात बसलेली लाल गाडी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात मोकळे करा. आख्यानाला लागण्याआधी मला एक विचारायचंय. खरं बोलावं, हे इथं कुणाला ठाऊक नाही? सगळ्यांना ठाऊक! पण खरं बोलावं कधी? सकाळी बोलायचं खरं माणूस संध्याकाळी बोलला, तर ते खऱ्यात धरायचं की खोट्यात?

माना हलवताय, पण निम्म्या उभ्या अन् निम्म्या आडव्या. म्हणजे पक्कं कुणालाच माहीत नाही. मलाही नव्हतं. ऐका तर.

वडगावात विलासराव खराडे म्हणून गृहस्थ. भांड्यांचं दुकान, सरळमार्गी माणूस. आयुष्य स्कूटरवर काढलं. साठी जवळ आली आणि मनानं घेतलं — मोठी गाडी पाहिजे! नवी परवडेना, म्हणून पुण्याकडच्या एका जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथं ती उभी! लालभडक, वर काळं छत, छताला उघडणारी काच, सात माणसं आरामात. आणि आत एक बटण. दाबलं की गाडी शर्यतीच्या घोड्यावाणी उधळते. (हसताय? आपल्याला असं बटण लागतच नाही, शेजाऱ्यानं नुसतं बघितलं तरी पुरतं!)

आता गाडी तपासायची. विलासरावांनी काय तपासलं? नंबरची बेरीज! नऊ आली. झालं, घेतली. विकणारा म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे काका, जपून वापरलेली." कुठला डॉक्टर, कुठलं गाव — विचारलं नाही.

दोन महिने मोठ्या आनंदात गेले. दुकान दीडशे पावलांवर, पण गृहस्थ गाडीनं जायचे. मग आला दसरा. पूजेसाठी गाडी धुवायला काढली. विलासराव पट्ट्यापासून पुसायला लागले. मागच्या सीटचा पट्टा ओढला, अजून ओढला, पार शेवटपर्यंत ओढला — आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला चिखल. पायाखालचं जाजम उचललं. खाली गाळ! नदीचा, बारीक, पिवळा गाळ.

इस्माईल मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री गाडीखाली गेले, बॅटरीचा उजेड टाकला, वास घेतला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "मालक, गाडी पुरात बसलेली आहे. वायरी आतनं कुजायला लागल्यात. आज चालंल, महिनाभर चालंल, कधी जीव सोडंल सांगता येत नाही. आणि चालती बंद पडली की स्टेअरिंग जड, ब्रेक दगडागत. सपाटीला निभावंल. घाटात नेऊ नका."

विलासरावांना फार लागलं हो. फसलो याचं दुःख असतंच, पण गावाला पेढे वाटून फसलो याचं जास्त असतं. कुणाला बोलले नाहीत. फक्त बायकोला म्हणाले, "शालन, विकून टाकतो."

शालनवहिनी म्हणाल्या, "सांगून विका."

"सांगून कोण घेईल? मला कुणी सांगितलं होतं?"

मंडळी, हे वाक्य नीट ऐका. मला कुणी सांगितलं होतं! आपल्याला लागलेला काटा दुसऱ्याच्या वाटेत टाकताना माणूस हेच म्हणतो.

आठवड्यात गिऱ्हाईक आलं. वारणेकाठचे हिंदुराव चौगुले, गवंडीकाम करून वर आलेला माणूस. बायको, म्हातारी आई, दोन पोरी, धाकटा भाऊ, भावजय — सगळे सात जण गाडी बघायला आले. पोरी थेट काचेच्या छताखाली जाऊन बसल्या. म्हातारीनं सीटवरून हात फिरवला.

हिंदुरावांनी विचारलं, "काका, गाडीचं काही सांगण्यासारखं हाय का?"

विलासराव म्हणाले, "गाडी तुमच्यासमोर आहे."

खोटं बोलले? एक अक्षर खोटं नाही! गाडी समोरच होती! माझं एक सांगायचं राहिलं — विलासरावांच्या गळ्यात माळ होती, तीस वर्षांची. हिंदुरावांनी त्या माळेकडं बघितलं आणि म्हणाले, "मग मिस्त्री कशाला दाखवायचा? माळकऱ्याची गाडी." दहा वाजता व्यवहार झाला, साडेदहाला गाडी गेली. जाताना म्हातारी विलासरावांच्या पाया पडली. वयानं मोठी बाई, पाया पडली.

दुपारी पान वाढलं. भात वाढताना शालनवहिनी एवढंच म्हणाल्या, "धाकटी पोर अगदी आपल्या मनूएवढी होती."

मनू म्हणजे त्यांची नात. विलासरावांचा घास तिथंच राहिला. हात धुऊन उठले आणि हिंदुरावांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. उचलला नाही. मनाला म्हणाले, असू दे, गाडी त्यांच्या दारातच उभी असणार, उद्या जाऊन सांगू. पण पाय घरात ठरेनात. शेवटी जुनी स्कूटर काढली आणि वारणाकाठ गाठला.

घराला कुलूप. शेजारची बाई धुणं काढत होती. तिला विचारलं, "चौगुले कुठं गेलेत?"

"सगळी डोंगरावर गेल्यात की, जोतिबाला. नवी गाडी आणल्यावर देवाला नको का दाखवायला?"

मंडळी, इथं बसलेल्या प्रत्येकानं सांगावं — गाडी घेतली की पहिली कुठं नेतो? देवाला! पोरासोरांना कळतंय. विलासरावांना कळू नये? दारात उभी राहील म्हणे! सात माणसं आणि डोंगराचा घाट.

पायरीवर बसले. फोन लावला, लागेना. वर जायचं म्हटलं तर दोन वाटा, कोणत्या वाटेनं येतील? मग एकच काम उरलं. बसायचं. तीस वर्षं हा माणूस रोज हरिपाठ म्हणत होता. त्या पायरीवर एक ओळ आठवली नाही. नुसतं म्हणत होते, "उतरू दे. देवा, खाली उतरू दे." प्रत्येक हॉर्नला उठायचे. दुधाची गाडी, ट्रॅक्टर, पुन्हा ट्रॅक्टर.

दिवे लागायच्या सुमाराला ती आली. लाल गाडी, गुलालानं आणखी लाल झालेली. विलासराव दारं उघडायच्या आधी माणसं मोजत होते. सात. सातही उतरली. धाकटी पोर झोपली होती, चुलत्यानं खांद्यावर घेतली. तेव्हा विलासराव रडले. साठीचा माणूस, लोकांच्या दारात, ओक्साबोक्शी रडला.

"काका, काय झालं?" हिंदुराव घाबरले.

मग सगळं सांगितलं. पट्टा, गाळ, मिस्त्री काय म्हणाला ते. काही राखलं नाही. "पैसे परत देतो, गाडी घेऊन जातो. माझं चुकलं."

हिंदुराव म्हणाले, "चुकलं म्हणताय ते बरोबर. पण मला एक सांगा. सकाळी मी विचारलं होतं. तवा हे सगळं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"उतरताना एका वळणावर दिवे बारीक झाले होते. मी म्हटलं, माळकऱ्याची गाडी हाय, काही होणार नाही. म्हातारी पुढं बसली होती, काका." आणि त्यांनी किल्ली विलासरावांच्या हातात न देता पायरीवर ठेवली.

विलासरावांनी गाडी परत आणली आणि भंगारात घातली. माळ गळ्यातच आहे. मी विचारलं होतं त्यांना, काढावीशी वाटली का? म्हणाले, "वाटली. पण ठेवली. टोचत राहिलेली बरी."

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. संध्याकाळी बोलले ते खरंच होतं. पण सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मधे एक घाट होता, आणि त्या घाटात सात माणसं होती. त्यांना विलासरावांच्या खरेपणानं नाही वाचवलं. ती वाचली, एवढंच.

तुमचं काय? जमिनीचा दोष माहीत असेल, सोयरिकीत मुलाचा आजार लपवला असेल, डॉक्टरचा कागद कपाटात ठेवला असेल. सांगणार आहात, मला ठाऊक आहे. वाईट माणसं इथं येत नाहीत. उद्या सांगणार आहात. पण ज्याला सांगायचंय, तो आत्ता कुठल्या वळणावर आहे, माहीत आहे तुम्हाला?

देवाचा गजर करायचाय, पण मी थांबतो. ज्याचं असं काही राहिलं असेल त्यानं मंडपाबाहेर जाऊन फोन लावावा. लाजू नका, कुणी मागं वळून बघणार नाही.

ते बघा, खांबाजवळचे एक जण उठले. बायांनो, पाय जरा आवरून घ्या, त्यांना वाट द्या.