चंद्रामागचं कापड
नांदुऱ्याच्या बसस्टँडवर वामनराव खामगावच्या गाडीची वाट पाहत होते. मागच्या बाकावर दोघी बायका बोलत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, कान मात्र तिकडेच लावले.

“सिंधूताई, तुमची मंजुश्री मोबाइलात चंद्रावर उभी राहून शिकवते म्हने?”

“हाव. घरातच हिरव्या कापडापुढं उभी राह्यते. मंग कम्प्युटरवर हिरवं काढून चंद्र लावते.”

“कापड कोनं शिवलं?”

“मीच. पयल्या व्हिडिओत चुण्या राह्यल्या होत्या. चुणीत सावली पडली, अन् चंद्रावर हिरवे डाग उठले. लोकं हसले तिले. मंग मी दोन्ही अंगानं दाबून इस्त्री केली.”

“आता दिसते का कापड?”

“कुठीच नाही. सारा गाव पाह्यते, विमलबाई, पन माहं कापड एकालेही दिसलं नाही.”