सरांचा दगड

सोनं फक्त सराफालाच कळतं, असा तुमचा समज असेल तर जुन्या जालन्यातल्या आमच्या भालेराव सरांचं ऐका. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीतून त्यांनी हरभऱ्याएवढा पांढुरका दगड आणला होता. "यात टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्यासंगं सोनं हाये, म्हणून पिवळं दिसत न्हाई. आपल्या काळ्या दगडात हे सापडायचं न्हाई," असं ते येईल त्याला सांगत. आम्ही शेजारी त्यांचा चहा पिऊन मान डोलवायचो.

सर गेले, तेव्हा तोंडात ठेवायला सोन्याचा मणी शोधू लागलो. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "त्यांचा दगडच ठेवा."

शेजारच्या सराफ शेठजींनी तो कसोटीवर घासला. करडी रेघ उठली. "भाभी, यात सोनं बिलकुल न्हाई."

"मला बी तसंच वाटतं. पण शेवटचं तरी त्यांच्या मनासारखं होऊ द्या."

तिसऱ्या दिवशी राख सावडताना दगड सापडला. त्यावर मोहरीएवढे पिवळे थेंब आले होते. शेठजींनी घरी येऊन ते कसोटीला लावले आणि मान खाली घातली. "भाभी, सोनं हाये. चोख."

वहिनींनी दगड हातात घेतला. मंग म्हणाल्या, "टेल्युरियम धूर होऊन जातं अन् सोनं वर येतं, चुलीत भाजून दाखवतो, म्हणायचे. मीच म्हणायचे, घरात धूर नको."