वाघजाईला वाहिलेला मोजा

हॅलो? … कोण बोलतंय? … जरा मोठ्यानं बोला, हितं वारा लई हाय. … अगं बया! प्रेरणा शिष्टर व्हय? भोरच्या दवाखान्यातली? व्हय, व्हय, म्या फुलाबाईच, हिर्डोशीच्या वरल्या वाड्यावरची. … रागवू नको गं, फोनात तुजा आवाज बारीक येतो. पट्टी बांदताना कसा दणदणीत असतो!

… तपासायला? यायचं व्हतं की. आदी येष्टी चुकली, मग शेळ्या व्याल्या. मग म्हटलं, आता तपासायचं काय? जखम तर बुजली! नडगीवर नवी कातडी आलीया, तान्ह्या पोराच्या गालावाणी. … न्हाई, न्हाई, बोलू दे मला. हळद भरली, पाला बांदला, अंगारा लावला, तरी वाहती ती वाहतीच. सून नाकाला पदर लावून भाकर वाढायची. आता शेजारी बसून जेवती. हे कुणी केलं? तूच ना?

तुज्यावर ववी बी केलीया. … हसतीस काय, ऐक:

भोरच्या गं पेठंत, कुन्या माउलीची लेक
माज्या पायाशी बसून, वेढा घालीते एकेक

… रडतीस? … सर्दी? बरं, सर्दी तर सर्दी.

तू दिलेला त्यो घट मोजा? … हाय की. … न्हाई, पायात न्हाई. … अगं ऐक ना. नवस व्हता माजा. वाघजाईला बोलले व्हते, पाय बरा झाला की चालत येईन आन् पायाचं काय ते तुला वाहीन. लोकं चांदीचा पाय वाहत्यात. माज्याकडं कुठली चांदी? म्हटलं, ज्यानं पाय बरा केला त्योच वाहू. … व्हय, मोजाच. आत घंटेशेजारी गाठ मारून टांगलाय, ऊन न्हाई लागत. हितंच हाय म्या, देवळाम्होरं.

… वरडतीस कशापायी? … बरं, इचार.

… सूज? सांच्याला येती थोडी. … अंगठ्यानं? थांब, दाबते. … खळगा पडला गं. भरंना लवकर. … व्हय, खाजतं बी. घोट्यापाशी काळपट झालंय. … न्हाई, फुटलं न्हाई कुठं. … पुन्ना? त्याच जागी? … असं बोलू नको बाई. पुन्ना तो वास, पुन्ना त्या माश्या … न्हाई सोसायचं मला.

… म्हंजी जखम बुजली, पर आतल्या शिरा तशाच ढिल्या? … आन् रगत वर चढवायला मोजाच लागतो. … मग तवाच का न्हाई सांगितलंस? … सांगितलं व्हतंस? … व्हय. सांगितलं व्हतंस. मला वाटलं, ताप उतरल्यावर गोळी कोण खातं? … जल्मभर? … बरं. जल्मभर.

पर देवीला दिलेलं माघारी कसं घ्यावं, तूच सांग. … नवा? माप घेऊन, मागवून, कवा यायचा त्यो? तवर पाय उघडाच?

… निवद? दावतो की आमी, पुरणाचा. … ताट? ताट मग आमीच खातो. परसाद म्हणून. …

… अगं बाई.

… हे गं तुला कुणी शिकिवलं? … आजीनं? तरीच.

थांब, तिलाच इचारते. वाघजाये, ऐकलंस न्हवं? … काय म्हणायची ती? हसतीया मला. म्हणती, म्या तर दगडाची, मला कुठली आलीया सूज?

… आज न्हाई घालायचा? … आज रातीला पाय उशीवर उंच. सकाळी सूज उतरल्यावर, जमिनीला पाय लावायच्या आदी घालायचा. निजताना काढायचा. … आन् परवा भोरला. यिते, यिते, येष्टी न्हाई मिळाली तर दुधाच्या टेम्पोत बसते. … व्हय गं, आई तुजी धन्य. तुला जेवायला मिळालं का न्हाई आज? … बरं, जेव जा.

न्हाई, तू न्हाई, म्याच फोन ठिवते. गाठ लई घट मारलीया, नवसाची ना … दोनी हात लागतील सोडायला.