तालमीतले पेशंट

(नदीकाठचं रुग्णालय, तळमजल्यावरचा वॉर्ड. वॉर्डाची प्रमुख सिस्टर आणि तिचा धाकटा भाऊ, याच रुग्णालयाचा आपत्ती अधिकारी.)

ताई : फोनवर म्हणालास गाडी घेऊन येतो. मग मागच्या दाराने का? पुढचं काय झिजलं असतं?

धाकटा : हळू बोल गं. धरणाचं पाणी सोडलंय, संध्याकाळपर्यंत इथे शिरेल. आईला इथून टेकडीवरच्या रुग्णालयात हलवू.

ताई : इथे कसं शिरेल? परवाच भाषण ठोकलंस ना, कितीही पूर येऊ दे, आमची तयारी चोख आहे म्हणून?

धाकटा : पुराची रंगीत तालीम चांगलीच झाली होती. सगळे पेशंट वरच्या मजल्यावर पोचले.

ताई : पोचतील नाहीतर काय. पेशंट म्हणून झोपवलं होतंस आमच्याच नर्स पोरींना. लिफ्ट बंद, स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, तशा त्या उठल्या आणि आपल्या पायांनी वर गेल्या. आणि तू खाली टाळ्या पिटत होतास. अकलेचा कांदा.

धाकटा : जिन्याचं मी अहवालात लिहिणार होतो. साहेबांची नाराजी कोण ओढवून घेणार?

ताई : म्हणून आम्ही बुडायचं. त्या कोपऱ्यातल्या मास्तरांच्या मांडीचं हाड मोडलंय, पायाला वजन टांगलंय. ते जातील चालत?

धाकटा : बाकीच्यांचं बघतो नंतर. एकच गाडी मिळालीय, तीही ओळखीवर.

ताई : ओळखीवर. तोंड वर करून सांगतोस पण. आहेत तेवढ्या गाड्या मागव. पाणी येतंय म्हणून आत्ताच्या आत्ता जाहीर कर.

धाकटा : जाहीर केलं तर तालीम खोटी होती हे उघडं पडेल. नोकरी जाईल माझी.

ताई : जाऊ दे. तुझी नोकरी काय चाटायचीय आम्हाला?

धाकटा : आणि आई? ती तुझीही आई आहे ना?

ताई : माहितीये. तुझ्यासमोर रडायची नाही, एवढंच.

धाकटा : मग चल ना, आण तिला बाहेर. ऑक्सिजन आहे गाडीत.

ताई : तुझा फोन आला तेव्हाच सांगितलं तिला, तू गाडी घेऊन येतोयस म्हणून. मास्क बाजूला करून शेजारणीला म्हणाली, "सामान बांधा, माझा मुलगा न्यायला येतोय आपल्याला." आत जाऊन बघ. सगळा वॉर्ड आवरून बसलाय.